रबाळ्याची नवी वस्ती आणि ‘रहदारी’

‘रहदारी’ हा शब्द मुळात फारसी. ‘राहदारी’ म्हणजे रस्त्याची राखण व तीबद्दलचा कर. ‘येजा’ हा अर्थ मागाहून रूढ झाला. रबाळ्यास या मूळ अर्थाचे विशेष स्मरण होते. येथे ठाणे-बेलापूर मार्गाच्या पूर्वेस औद्योगिक क्षेत्र, तर पश्चिमेस लोकवस्ती आहे. अवजड वाहनांना जो हमरस्ता, तोच पादचाऱ्यांना ओलांडावा लागतो. नव्या निवासी इमारतींनी ही येजा वाढते. वाहनाचा वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते. म्हणून केवळ रुंदीकरणाने सुरक्षितता येत नाही. पदपथ, पादचारी पूल व सेवारस्ता ही सोय रहिवासापूर्वीच झाली पाहिजे. येजा वाढविणाऱ्यांनी राखणीचेही उत्तरदायित्व पत्करणे अगत्याचे होय.