पुल्लुवळीची सिस्टर, उदयनगरची माणसं

आपल्याकडच्या कितीतरी मिशन हॉस्पिटलांत आणि कॉन्व्हेंट शाळांत केरळहून आलेली सिस्टर असते. पांढऱ्या किंवा करड्या झग्यातली, मोडक्या मराठीत प्रेमानं दटावणारी. ही मुलगी इतक्या लांब का येते, तिचा दिवस कसा जातो, हे आपण सहसा विचारत नाही. इंदूरच्या परिसरातल्या एका सिस्टरच्या आयुष्यात या प्रश्नाचं बरंचसं उत्तर सापडतं.

माळव्यातले आधीचे मिशनरी साता समुद्रांपलीकडचे होते. कॅनडातले प्रेस्बिटेरियन 1877 मध्ये होळकरांच्या इंदुरात आले आणि दहा वर्षांनी त्यांनी इंदूर ख्रिश्चन कॉलेज सुरू केलं. स्वातंत्र्यानंतर वारं बदललं. परदेशी मिशनऱ्यांच्या व्हिसावर निर्बंध आले. मध्य प्रदेश सरकारच्या नियोगी समितीनं 1956 मध्ये धर्मांतरावर कडक अहवाल दिला. त्यानंतरच्या दशकात केरळच्या सीरो-मलबार चर्चला आपल्या प्रांताबाहेर कामाची क्षेत्रं मिळू लागली. त्यातलं पहिलं 1962 मध्ये आपल्या चांद्याला मिळालं. पुढे सतना, बिजनौर अशी नावं त्यात आली आणि केरळातल्या शेतकरी घरांतल्या मुली उत्तरेच्या गाड्यांत बसू लागल्या.

एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पुल्लुवळी गावची मरियम वट्टालिल ही त्यांतलीच एक. तिचा जन्म 1954 चा. अठराव्या वर्षी ती फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट धर्मभगिनींच्या संघात गेली आणि 1974 मध्ये पहिली व्रतं घेताना राणी मारिया झाली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही ती तीन व्रतं. पैसा स्वतःचा नाही, संसार नाही आणि बदलीचा आदेश आला की सामान आवरायचं. 1975 च्या अखेरीस, एकविसाव्या वर्षी, त्या बिजनौरला पोचल्या.

अशा वेळी पहिली लढाई भाषेशी असते. मल्याळममध्ये क्रियापदाला लिंग नसतं, हिंदीत ते पावलोपावली सांभाळावं लागतं. उत्तरेची थंडी अंगात भिनते, भात-मासळीची सवय पोळीवर आणावी लागते. पहाटे प्रार्थना आणि मिस्सा, मग शाळा किंवा दवाखाना किंवा वस्त्यांवरची पायपीट, संध्याकाळी पुन्हा प्रार्थना. घरी जायचं तेही वरिष्ठांच्या परवानगीनं. माहेर तुटलेल्या या मुलींना त्यांच्या संघातल्या इतर भगिनी हेच घर होतं, आणि मला वाटतं, त्या घराच्या बळावरच त्या टिकतात.

सतन्याकडची काही वर्षं करून राणी मारिया 1992 मध्ये इंदूर धर्मप्रांतातल्या उदयनगरला आल्या. हे गाव देवास जिल्ह्यात, डोंगराळ आदिवासी मुलखात. इथे शाळेच्या हिंदीनं भागत नाही, लोकांच्या बोलीशी जुळवून घ्यावं लागतं. पिकाच्या भरवशावर सावकाराकडून उचल घ्यायची आणि पीक आलं की ते व्याजातच द्यायचं, हा तिथला जुना फास. राणी मारियांनी त्यालाच हात घातला. सरकारी योजना समजावून सांगायच्या, बँकेच्या कर्जासाठी कागद जमवायचे, अर्ज करायला लावायचे, लोकांना बचतीची आणि एकत्र येण्याची सवय लावायची. हे काम दिसायला कंटाळवाणं असतं. सावकाराचं उत्पन्न मात्र त्यानंच बुडतं.

मिशनऱ्याच्या कामाकडे धर्मांतराच्या संशयानं पाहिलं जातं आणि तो वाद खरा आहे. मध्य प्रदेशात 1968 पासून त्यासाठी कायदाही आहे. पण उदयनगरात ज्यांना त्या खुपल्या, त्यांचा हिशेब मुख्यतः व्याजाचा होता, असं त्यांच्या कामाकडे पाहून माझं मत झालं आहे.

25 फेब्रुवारी 1995 च्या सकाळी त्या इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये बसल्या. वाटेत नाचनबोर टेकडीजवळ एका तरुणानं प्रवाशांदेखत त्यांच्यावर सुऱ्याचे पन्नासच्या आसपास वार केले. बसमधलं कोणीही त्यांना वाचवू शकलं नाही. त्या 41 वर्षांच्या होत्या. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. त्याच संघात असलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, 2002 मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी राणी मारियांच्या कुटुंबानंही पाठिंबा दिला आणि 2006 मध्ये तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरात झालेल्या सोहळ्यात चर्चनं राणी मारियांना 'धन्य' घोषित केलं.

वसईच्या गोन्सालो गार्सियांनी 1597 मध्ये जपानात नागासाकीला प्राण दिले, म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. राणी मारियांचंही नाव त्यांच्या मृत्यूमुळेच घेतलं जातं. पण त्याआधी केरळबाहेर काढलेली 19 वर्षं, शिकलेली परकी भाषा आणि बँकेच्या दारात आदिवासी बायांबरोबर घालवलेला वेळ, त्यांचं मोठेपण मला त्यात अधिक दिसतं.