पद्मिनीचा हातगिअर

सोनिवलीत आमच्या दारात अब्बांची प्रीमियर पद्मिनी अजून उभी आहे. मागे एकदा दारातला चढ चढताना पहिला गिअर समजून मी क्लच सोडला; पडला होता तिसरा. इंजिन बंद पडले, गाडी मागे घरंगळली आणि फाटक लावायला थांबलेली बायको थोडक्यात बचावली. घरात एकच घोषा, गाडी भंगारात द्या. एका मेकॅनिकने तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे सांगून टाकले.

पण खोट गिअरबॉक्सची नव्हतीच. पद्मिनीचा गिअरदांडा स्टिअरिंगच्या नळीला असतो. त्याची हालचाल लांब सळया आणि सांधे यांतून गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते. प्रत्येक सांध्यात छोटा बुश. तो झिजला की सांधा ढिला पडतो. चारपाच सांध्यांतला थोडाथोडा ढिलेपणा एकत्र झाला, की दांडा पहिल्याच्या जागी आणि गिअरबॉक्स तिसऱ्यात! (कवितेत असा अर्थ सरकला तर लोक दाद देतात.)

तपासणी दोघांनी करावी. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. एकाने दांडा सावकाश हलवायचा, दुसऱ्याने बॉनेट उघडून सांधे पाहायचे. अलीकडची सळई हलते आणि पलीकडची थबकते, तिथेच झीज आहे. खालचे सांधे पाहायला गाडी खड्ड्यावर घ्यावी, नुसत्या जॅकवर टेकवून खाली शिरू नये. सळया पूर्ण हलत असतील, इंजिन बंद असताना गिअर सहज पडत असतील पण चालू केल्यावर अडत असतील, तर संशय क्लचवर घ्यावा. चालताचालता गिअर आपोआप सुटत असेल आणि सळया-सांधे ठीक असतील, तर मात्र दोष गिअरबॉक्सच्या आत असू शकतो.

आमचे दोन बुश गेले होते. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. तिचे जुने भागही मला कुर्ल्याच्याच बाजारात मिळाले. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा जपून ठेवावेत असे हे भाग. नवे बुश, वॉशर, कॉटर पिन बसवून ग्रीस भरले. मग दांडा न्यूट्रलला ठेवून सळईची लांबी जुळवली. उभ्या गाडीत सगळे गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले, मगच रस्त्यावर काढली.

आता पहिला पहिलाच पडतो. बायको मात्र गाडी रस्त्याला लागल्याशिवाय फाटकाजवळ येत नाही.