मुल्गाच्या फळीवरून

ऑस्ट्रेलियाच्या पोटात, अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला सव्वाशे किलोमीटरवर, हर्मन्सबर्ग नावाचं लुथेरन मिशन होतं. १९३०च्या सुमाराला तिथली अरेर्न्टे माणसं पाहुण्यांना विकण्यासाठी मुल्गाच्या फळ्या करत. मुल्गा हा आपल्या बाभळीचा भाऊबंद. कापला की आतून गर्द तपकिरी, कडेला पिवळी किनार. तापल्या तारेने त्यावर चित्र डागायचं. हे काम करणाऱ्यांत अल्बर्ट नामाटजिरा होता. १९०२ सालचा त्याचा जन्म.

या मुलखाला तेव्हा भाव नव्हता. १९०६च्या एका पुस्तकाने त्याचं बारसंच ‘मृत हृदय’ असं केलं होतं. ऑस्ट्रेलियाचं झाड म्हणजे दक्षिणेकडचा, चित्रकार हान्स हायसनने रंगवलेला धिप्पाड गम, म्हणजे निलगिरी. वाळवंटाचं चित्र घरात कोण लावणार?

१९३४ साली रेक्स बॅटरबी नावाच्या चित्रकाराने मिशनमध्ये जलरंगांची चित्रं मांडली. दोन वर्षांनी अल्बर्ट त्याचे उंट सांभाळत हिंडला आणि बदल्यात रंगकाम शिकला. १९३८मध्ये मेलबर्नच्या प्रदर्शनात त्याचं एकही चित्र उरलं नाही. जांभळे डोंगर, तांबडी माती आणि पुढ्यात घोस्ट गम. या झाडाचं खोड चुन्याने सारवल्यासारखं पांढरं. हात फिरवला तर भुकटी लागते. बघता बघता ते मध्य ऑस्ट्रेलियाची खूण झालं. स्वस्त छापील प्रती घराघरांत भिंतीवर गेल्या. नावाजलेले समीक्षक मात्र नाक मुरडत राहिले. गोऱ्यांची नक्कल, म्हणाले. मला ते पटत नाही. जो डोंगर आपल्या कुळाचा, ज्याची कथा लहानपणापासून ऐकली, तो रंगवणं ही नक्कल कशी?

मान मिळाला, जमीन नाही. कुरणाचा भाडेपट्टा मागितला, नाकारला. अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधायचं म्हटलं, तेही जमू दिलं नाही. १९५४ साली राणी एलिझाबेथची भेट झाली. १९५६मध्ये विल्यम डार्गीने काढलेल्या त्याच्या व्यक्तिचित्राला आर्चिबाल्ड पारितोषिक मिळालं. नागरिकत्वाचे हक्क त्याला स्वतःला मिळाले ते त्यानंतर, १९५७मध्ये. हक्क मिळाल्यावर तो दारू विकत घेऊ शकत होता, पण नातलगांना देऊ शकत नव्हता. ज्या समाजात असेल ते वाटून घ्यायचं, तिथे हा कायदा पाळायचा कसा? १९५८मध्ये त्याच गुन्ह्यासाठी शिक्षा झाली. पापुन्या नावाच्या वस्तीत दोन महिने नजरकैदेत काढले आणि १९५९च्या ऑगस्टमध्ये तो गेला. १९६८ साली टपाल खात्याने त्याच्यावर पाच सेंटचं तिकीट काढलं.

चित्रांच्या हक्कांची गोष्ट त्याहून लांबली. १९५७मध्ये त्याने एका प्रकाशन संस्थेशी करार केला होता. मृत्यूनंतर मालमत्ता सरकारी विश्वस्ताकडे गेली, आणि १९८३मध्ये त्या विश्वस्ताने संपूर्ण स्वामित्वहक्क त्याच संस्थेला ८,५०० डॉलरना विकून टाकला. कुटुंबाला विचारलंसुद्धा नाही. पुढची चौतीस वर्षं आजोबांच्या चित्रांच्या प्रती निघत राहिल्या, नातवंडांच्या हाती त्यातलं काही आलं नाही. २०१७मध्ये, बराच आरडाओरडा झाल्यावर, तो हक्क वारसांच्या न्यासाकडे परतला. किंमत एक डॉलर.

मधल्या काळात अ‍ॅलिस स्प्रिंग्जजवळची, त्याच्या चित्रांमुळे प्रसिद्धीस आलेली घोस्ट गमची जोडी जळाली. २०१३च्या जानेवारीत हे उघडकीस आलं. कुणीतरी पेटवली असावी, असा संशय होता.

दुकानातलं चित्र तोवर पालटलं होतं. जिथे त्याला ठेवलं होतं त्याच पापुन्यात १९७१च्या सुमाराला ठिपक्यांच्या चित्रांची चळवळ उभी राहिली, आणि पुढे पर्यटकांच्या पिशवीत गमच्या झाडापेक्षा ठिपकेच जास्त दिसू लागले. नफा कुणाचा, हा प्रश्न जुनाच. २०१९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने एका घाऊक विक्रेत्याला २३ लाख डॉलरचा दंड ठोठावला. त्याची ‘आदिवासी’ बूमरँग इंडोनेशियात तयार होत होती.