ओसाड परसाची अल्प खर्चात सुधारणा

घरामागील परस हा बहुधा घराचा सर्वांत दुर्लक्षित भाग असतो. फुटकी खापरे, विटांचे तुकडे व चुलीतील राख तेथे साठत जाते. मोरीचे सांडपाणी वाट फुटेल तिकडे पसरते. पावसाळ्यात तण कमरेएवढे वाढते. अशा जागेत डासांची पैदास होते, विंचूकाट्याचे भय राहते, आणि दाराशी जमीन असूनही घरात मेथीची जुडी बाजारातून विकत येते. ही जागा सुधारण्यास पैसा थोडाच लागतो. मेहनत मात्र लागते, व ती योग्य क्रमाने व्हावी लागते.

कामाचा आरंभ उन्हाळ्यात करावा. हरळी व लव्हाळा ही तणे वरवर खुरपल्याने जात नाहीत. हरळीच्या काशा व लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतात. यास्तव एप्रिल-मे महिन्यांत कुदळीने वीतभर खोल खणून ढेकळे उन्हात तापू द्यावीत व काशा, गाठी वेचून काढाव्यात. लव्हाळा एका उन्हाळ्यात संपत नाही, हे आधीच जाणून असावे. गाजरगवत पुण्याच्या परिसरात १९५५-५६ च्या सुमारास प्रथम नजरेस आले व पुढे सर्वत्र पसरले. ते फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगास खाज सुटते. म्हणून हातास फडके गुंडाळावे.

उपटलेले तण व पालापाचोळा जाळून टाकण्याची प्रथा अनेक गावी आहे. हा शुद्ध तोटा होय. विहिरीपासून दूर, किंचित उंचवट्यावर सहा फूट लांब, चार फूट रुंद व तीन फूट खोल खड्डा खणावा. त्यात पाल्याचा थर, त्यावर शेणकाला व थोडी माती असे थर देत जावे आणि ओल राखावी. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात बसविलेल्या कंपोस्ट पद्धतीचे मर्मही हेच आहे. चार-पाच महिन्यांत खत तयार होते. फुललेले वा बी धरलेले तण मात्र खड्ड्यात घालू नये. कच्चे शेणही वाफ्यात घालू नये. त्यातून हुमणी व वाळवी यांचा उपद्रव वाढतो.

कुंपणावाचून केलेली लागवड शेळ्यांसाठी केल्यासारखीच आहे! तारेचा खर्च नको असेल तर पावसाच्या प्रारंभी निरगुडीचे फाटे दाट लावावेत. निरगुडीस जनावरे सहसा तोंड लावीत नाहीत.

सांडपाण्याची व्यवस्था ही या सुधारणेची किल्ली होय. मोरीपासून उताराची चारी काढून पाणी केळी व अळू यांच्या आळ्यांत सोडावे. ही पिके ओल सोसतात. पाणी एका आळ्यात तुंबू लागल्यास ते दुसऱ्या आळ्यात वळवावे, म्हणजे डबके साचत नाही. कोथिंबिरीसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना हे पाणी देऊ नये.

उंच वाढणारी झाडे उत्तरेस व पश्चिमेस लावावीत, म्हणजे हिवाळ्यात भाजीच्या वाफ्यांवर सावली पडत नाही. शेवग्याचा तीन-चार फुटांचा जाड फाटा शेजाऱ्याकडून मागून आणला तरी पावसाळ्यात तो सहज जगतो. पपईची दोन-तीन रोपे एकाच खड्ड्यात लावावीत व फुले येताच मादी झाड ठेवून बाकीची काढावीत. परागसिंचनासाठी बागेत एखादे नर झाड पुरते. पैसे खर्चावयाचे असल्यास कागदी लिंबाच्या चांगल्या रोपावर खर्चावेत. दोडका, कारले व घेवडा यांचे वेल कुंपणावर चढवावेत.

नवशिक्याने पहिल्याच वर्षी संपूर्ण परस लागवडीखाली आणू नये. दहा फूट लांब व दहा फूट रुंद असा एक तुकडा नीट खणून, खत घालून त्यात मेथी व पालक पेरावा. दर पंधरा दिवसांनी एकेक ओळ पेरल्यास भाजी एकदम निघून वाया जात नाही. उरलेली जागा तणमुक्त ठेवून पुढील उन्हाळ्यात पुन्हा खणावी.