ऑइल साधे की सिंथेटिक? आणि हातांचे काय?

दुचाकी सर्व्हिसिंगला टाकली की गॅरेजवाल्याचा एक प्रश्न ठरलेला असतो, ‘ऑइल कुठले टाकू? साधे की सिंथेटिक?’ गिऱ्हाईक आधी किंमत विचारते आणि मग विचारात पडते. मागच्या वेळी सिंथेटिक टाकले होते, आता साधे टाकले तर इंजिन बिघडेल का? आजूबाजूचे चार जण चार सल्ले देतात. तोवर गाडीखाली बसलेल्या पोराने ड्रेन बोल्ट ढिला केलेला असतो. गरम, काळे तेल त्याच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळते. तो हात चिंधीला पुसतो, चिंधी पँटच्या खिशात खोचतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो.

गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. त्या पोराच्या हातांचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

अदलाबदल चालते, पण…

साधे म्हणजे मिनरल ऑइल खनिज तेल शुद्ध करून मिळवतात. त्यात लहानमोठ्या आकाराचे रेणू एकत्र असतात. सिंथेटिक तेलातले रेणू रासायनिक प्रक्रियेने घडवलेले आणि बरेचसे एकसारखे असतात. त्यामुळे ते थंडीत चटकन वाहते, उष्णता जास्त सोसते आणि सावकाश खराब होते. दोन्ही तेलांत इंजिन स्वच्छ ठेवणारी आणि झीज कमी करणारी रसायने मिसळलेली असतात.

एकदा सिंथेटिक टाकले की पुन्हा साधे टाकता येत नाही, हा समज चुकीचा आहे. दोन्ही तेले एकमेकांत मिसळतात. बाजारात ‘सेमी सिंथेटिक’ म्हणून मिळणारे तेल हे या दोहोंचेच मिश्रण असते. या समजाचे मूळ जुने आहे. काही दशकांपूर्वीच्या सिंथेटिक तेलांतल्या काही घटकांचा त्या वेळच्या रबरी सीलवर परिणाम होत असे आणि गळती सुरू होई. पुढे तेलेही सुधारली आणि सीलही. आजही खूप जुन्या इंजिनात तेल बदलल्यावर कधी गळती दिसते. बहुधा साचलेल्या गाळाने झाकलेली सीलची झीज तेव्हा उघडी पडते.

सांभाळायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला ग्रेड, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४०, तोच हवा. गिअरच्या बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. म्हणून त्यांना ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ मानकाचे तेल लागते. मोटारीचे तेल त्यात टाकले तर क्लच घसरू शकतो. आणि सिंथेटिकवरून साध्यावर आल्यावर सिंथेटिकच्या हिशेबाने किलोमीटर मोजायचे नाहीत. साधे तेल लवकर थकते. अदलाबदलीत इंजिनाचे नुकसान झालेच, तर ते बहुधा या विसरण्यामुळे होते.

काळे झालेले तेल

इंजिनात गेलेले तेल काही दिवसांतच काळवंडते. तेवढ्यावरून ते बिघडले असे ठरत नाही. काजळी आणि घाण स्वतःत धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे. पण आरोग्याच्या दृष्टीने प्रश्न इथेच सुरू होतो.

बाटलीतले नवे तेल आज चांगले शुद्ध केलेले असते. त्याचा कधीमधी त्वचेला झालेला स्पर्श फारसा धोक्याचा नाही. इंजिनात मात्र इंधन जळताना तयार होणारी पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन या गटातली रसायने तेलात साचत जातात. पेट्रोल इंजिनात हे विशेष घडते. त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. शिवाय झिजलेल्या धातूंचे कण मिसळतात ते वेगळेच. पेट्रोल इंजिनातले वापरलेले तेल उंदरांच्या त्वचेवर वारंवार लावल्यावर गाठी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

म्हणून ‘सिंथेटिक आहे, स्वच्छ असते, हाताला काही होत नाही’ असे म्हणणे धोक्याचे आहे. ही घातक रसायने ज्वलनातून येतात, त्यामुळे मूळ तेल कोणते याने त्यांत मोठा फरक पडत नाही. उलट सिंथेटिक जास्त किलोमीटर चालवले जाते, म्हणजे साठण्याला वेळही जास्त मिळतो. त्याचा फायदा एवढाच, की ते कमी वेळा बदलावे लागते.

मँचेस्टरचा धडा

तेल आणि त्वचा यांचा संबंध वैद्यकशास्त्राला इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांनी शिकवला. लँकेशायरच्या गिरण्यांत ‘म्यूल’ नावाच्या सूतकताई यंत्रावर काम करणाऱ्यांना दिवसभर यंत्रावर ओणवे व्हावे लागे. चात्यांवरून उडणाऱ्या तेलाने त्यांच्या पँट मांड्यांपर्यंत भिजत. १९२२ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी तिथल्या रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग झालेल्यांत जवळपास निम्मे या यंत्रांवरचे कामगार निघाले. बहुतेकांना हा आजार कित्येक वर्षांच्या कामानंतर झाला होता. ब्रिटनमध्ये अशा यंत्रांसाठी तेलाच्या शुद्धतेची सक्ती करणारे नियम यायला १९५३ उजाडले.

शुद्ध न केलेल्या किंवा अर्धवट शुद्ध केलेल्या खनिज तेलांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. आजचे इंजिन ऑइल त्या काळच्या तेलापेक्षा कितीतरी शुद्ध असते. त्यामुळे प्रत्येक मेकॅनिकला कर्करोग होईल असे मुळीच नाही. पण वापरलेले तेल वर्षानुवर्षे अंगावर राहू देणे शहाणपणाचे नाही. खिशातली तेलकट चिंधी नेमके तेच करते. तेल मांडीजवळ, कपड्याआड, दिवसभर त्वचेला लागून राहते.

रोज दिसणारे त्रास

कर्करोगाची शक्यता दूरची असली, तरी बाकीचे त्रास नेहमीचे आहेत. हातांवर आणि मांड्यांवर काळ्या टोकाच्या बारीक पुटकुळ्या येतात. केसांच्या मुळांशी तेल साचून त्या होतात आणि पुढे पिकतात. दुसरा त्रास म्हणजे हात कोरडे पडणे, भेगा जाणे, खाज आणि चट्टे. याला तेलाइतकीच हात धुण्याची पद्धत जबाबदार असते. पेट्रोल किंवा रॉकेलने डाग झटकन निघतो, पण त्वचेचे स्वतःचे तेलही जाते. कपडे धुण्याची पावडर आणि रेती चोळल्याने उरलेसुरले संरक्षणही खरवडले जाते. मग त्याच भेगांतून तेल आत उतरते.

काळ्या तेलाचे घरगुती ‘उपयोग’ही थांबायला हवेत. कुत्र्याच्या खरजेवर किंवा जनावराच्या जखमेवर ते लावले जाते. प्राणी ते चाटतो आणि विष पोटात जाते. माणसाच्या जखमेवर तर ते कधीच लावू नये.

करायचे काय?

तेल काढताना नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. साधे रबरी मोजे तेलाने लवकर खराब होतात. इंजिन थोडे निवू द्यावे, म्हणजे भाजण्याची भीती राहत नाही. हात साबण आणि पाण्याने धुवावेत, जेवणाआधी आणि लघवीला जाण्याआधीही. रात्री खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. कामाचे कपडे वेगळे ठेवून ते वरचेवर धुवावेत. नळीने पेट्रोल तोंडाने ओढू नये. ते फुप्फुसात गेले तर गंभीर न्यूमोनिया होतो. तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम किंवा चामखिळीसारखी वाढ दिसली, जांघेत किंवा गुप्तांगावर असली तरीही, न लाजता सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावी आणि आपण काम काय करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

काढलेले तेल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवे. १ एप्रिल २०२४ पासून या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी तेल उत्पादकांवरही आली आहे. घरी स्वतः तेल बदलणाऱ्यांनी ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजच्या पिंपात द्यावे.

साध्या आणि सिंथेटिक बाटलीच्या किमतीत जो फरक असतो, त्याच्या एका अंशात मोज्यांचे कितीतरी जोड येतात. पुढच्या सर्व्हिसिंगला ऑइलचा ब्रँड विचारून झाला की गिऱ्हाइकाने आणखी एक प्रश्न विचारावा, ‘पोराला मोजे दिलेत का?’ दोन-चार गिऱ्हाइकांनी विचारले की गॅरेजमध्ये मोज्यांचा डबा येतोच.