तीस टक्के पावसाचा हिशेब

ऑक्टोबर संपत आला की सिहोरा परिसरात हलक्या धानाची कापणी आटोपते. बांध्यांमध्ये कडपा वाळत पडलेल्या असतात. मळणीला अजून दोन-चार दिवस असतात, आणि नेमका त्याच वेळी भंडारा जिल्ह्यासाठी अंदाज येतो : तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता. मोबाइल सांगतो, तीस टक्के. आता कडपा उचलून पुंजणे घालायचे, की धानाला आणखी एक ऊन खाऊ द्यायचे? धान भिजले तर दाण्याला डाग पडतो, कोंब फुटतो. ओलावा सतरा टक्क्यांच्या वर असला तर आधारभूत खरेदी केंद्रावर माल घेत नाहीत. चार महिन्यांची मेहनत त्या एका संध्याकाळच्या निर्णयावर येऊन ठेपते.

अशा निर्णयांसाठी गणित आहे. 1654 मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून ते आकाराला आले, तेव्हा विषय जुगाराच्या डावाचा होता. आज ते पावसाच्या अंदाजात, पीक विम्यात, रक्ततपासणीच्या अहवालात, सगळीकडे आहे. त्याच्याभोवती काही गैरसमज मात्र इतके घट्ट बसले आहेत की हाती आलेला उपयोगी आकडा वाया जातो.

गैरसमज : तीस टक्के म्हणजे पाऊस येणार नाही

पन्नासच्या वर असेल तर येणार, खाली असेल तर नाही, असे आपण मनाशी ठरवून टाकतो. तीस टक्क्यांचा खरा अर्थ असा : असाच अंदाज दिलेले शंभर दिवस घेतले, तर त्यांतल्या साधारण तीस दिवशी पाऊस पडेल. तीस टक्के शेतांवर पडेल किंवा दिवसाचा तीस टक्के वेळ पडेल, असा तो अर्थ नाही.

मग उचलायचे की नाही? हे टक्केवारी एकटी ठरवू शकत नाही. तिच्या शेजारी दोन रकमा मांडाव्या लागतात. समजा, एका एकरातल्या कडपा घाईने उचलायला जादा मजुरीचे 1,500 रुपये लागतात. धान भिजले तर नुकसान 10,000 रुपयांचे. खर्चाला नुकसानीने भागले की 15 टक्के येतात. ही तुमची सीमारेषा. पावसाची शक्यता तिच्यावर असेल तर उचला, खाली असेल तर वाळू द्या. तीस टक्के शक्यतेला न उचलण्याची सरासरी किंमत 3,000 रुपये पडते, म्हणजे मजुरीच्या दुप्पट. हवामानशास्त्रात या मांडणीला खर्च-नुकसान मॉडेल म्हणतात आणि ती इतकी साधी आहे की पाकिटाच्या पाठीवर करता येते.

तोच तीस टक्क्यांचा अंदाज दुसऱ्या कामाला वेगळे उत्तर देईल. तुडतुड्यावर फवारणी करायची आहे, औषध धुऊन गेले तर 2,000 रुपये जातील, पण दोन दिवस थांबले तर कीड 5,000 रुपयांचे पीक खाईल अशी स्थिती असेल, तर तीस टक्के शक्यता असूनही फवारणी करणेच शहाणपणाचे. अंदाज एकच, निर्णय दोन, आणि दोन्ही बरोबर.

इथे आणखी एक गोष्ट येते. वीस एकरवाला आणि एक एकरवाला यांची सीमारेषा एक नसते. 1738 मध्ये डॅनियल बर्नूली या गणितज्ञाने मांडले की रुपयाचे मोल माणसाजवळ किती रुपये आहेत यावर ठरते. ज्याच्या सगळ्या वर्षाचा आधार त्या एका एकरावर आहे, तो दहा टक्के शक्यतेलाही कडपा उचलत असेल तर त्याला घाबरट म्हणणे अन्याय आहे. त्याचा हिशेब पक्का आहे.

अंदाजातल्या ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांचा अर्थ वेगळाच आहे, तोही ध्यानात घ्यावा. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत त्याचा अर्थ जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त पाव भागात. म्हणजे हे पावसाचे पसरणे झाले, शक्यता नव्हे. जिल्ह्यात कुठेतरी पाऊस पडण्याची शक्यता 40 टक्के असेल आणि तो पाव भागातच पडणार असेल, तर तुमच्या बांधीवर तो पडण्याची शक्यता 10 टक्क्यांच्या आसपास येते. वरच्या उदाहरणात ती सीमारेषेच्या खाली गेली.

गैरसमज : उद्याचा दिवस एकदाच येतो, त्याला टक्के कसे लावणार?

ही शंका रास्त आहे आणि मोठमोठ्या विद्वानांना पडलेली आहे. नाणे हजारदा उडवता येते, उद्याचा दिवस नाही. केंब्रिजचे भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी 1939 च्या आपल्या ग्रंथात याला उत्तर दिले : हाती असलेल्या पुराव्यावरून एखादी गोष्ट खरी मानायला किती आधार आहे, त्याचे माप म्हणजे संभाव्यता. त्यांच्याच हाताखाली कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी डॉक्टरेट केली, आणि परतून पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. 1960 चे केंब्रिजचे ॲडम्स पारितोषिक त्यांना मिळाले. मराठी वाचकाला त्यांचे नाव आज फारसे ठाऊक नाही, हे मला खटकते.

या विचाराचा व्यवहारातला फायदा असा की नवा पुरावा आला की आकडा बदलता येतो, आणि किती बदलायचा तेही काढता येते. सकाळचा अंदाज तीस टक्के होता. दुपारी चांदपूरच्या डोंगराकडे काळे ढग जमले. ‘आता येणारच’, असे तोंडून निघते. पण मोजून पाहू. समजा, पाऊस पडणाऱ्या दिवसांपैकी दहातल्या आठ दुपारी असे ढग जमतात, आणि कोरड्या दिवसांपैकी दहातल्या तीन दुपारीही जमतात. शंभर दिवसांत तीस पावसाचे, त्यांतल्या 24 दिवशी ढग. सत्तर कोरडे, त्यांतल्या 21 दिवशी ढग. एकूण ढगांचे दिवस 45, त्यांत पावसाचे 24. शक्यता तीसवरून 53 टक्क्यांवर गेली. वाढली खरी, पण ‘येणारच’ म्हणण्याइतकी नाही, कारण कोरडे दिवस मुळातच जास्त होते. ढग पाहताना आपण नेमके हेच विसरतो.

गैरसमज : टक्केवारी म्हणजे नुसता अंदाजपंचे आकडा

1961 मध्ये अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकावर हवामानाचे गणित पुन्हा चालवताना 0.506127 ऐवजी 0.506 एवढाच आकडा भरला. सुरुवातीला दोन्ही उत्तरे जुळली, मग एकमेकांपासून पार दूर गेली. सुरुवातीच्या मोजमापातली बारीक चूकही पुढे एवढी फुगते. म्हणून आता एकच गणित करून थांबत नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली आणि 2018 मध्ये सुरू झालेली समूह-अंदाज प्रणाली सुरुवातीच्या आकड्यांत थोडाथोडा फरक करून एकवीस अंदाज काढते. एकवीसपैकी सात उत्तरांत पाऊस असेल तर शक्यता एक-तृतीयांशाच्या आसपास. उत्तरे एकमेकांच्या जवळ असतील तर भरवसा जास्त, विखुरलेली असतील तर कमी. आपल्याला किती कळत नाही, हेही या पद्धतीत मोजले जाते.

गैरसमज : इतकी वर्षे बरोबर आले, म्हणजे मॉडेल पक्के

हा गैरसमज मला सर्वांत महागडा वाटतो, आणि त्याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली 1988 मध्ये मान्सूनचे सोळा घटकांचे मॉडेल आले. वारे, तापमान, हवेचा दाब, हिमालयातला बर्फ, एल निनो अशा सोळा खुणांवरून देशाच्या पावसाचा आकडा काढला जाई. पुढे चौदा वर्षे गाडी रुळावर होती. 2002 मध्ये सरासरीच्या 101 टक्के पावसाचा अंदाज दिला गेला. प्रत्यक्षात 81 टक्के पडला. त्या जुलैत देशात निम्माच पाऊस झाला. रोवणीच्या ऐन महिन्यात.

काय चुकले? 1988 ते 2001 या चौदाही वर्षांत देशपातळीवर दुष्काळ पडलाच नाही. दरवर्षी डोळे मिटून ‘यंदा दुष्काळ नाही’ म्हणणारा माणूसही चौदाच्या चौदा वेळा बरोबर आला असता. तेव्हा मॉडेल किती वेळा बरोबर आले, एवढे विचारून भागत नाही. काहीच न करणाऱ्यापेक्षा ते किती सरस ठरले, हे विचारावे लागते. गोवारीकरांच्या कष्टांना यात उणेपणा नाही, कारण त्या काळात दुष्काळ ओळखण्याची परीक्षाच त्या मॉडेलला द्यावी लागली नव्हती.

याची उलट बाजूही तितकीच खरी. तीस टक्के सांगितले आणि पाऊस आला, म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. तीस टक्के सांगितलेले सगळे दिवस एकत्र करून मोजा. त्यांत तीसच्या जवळपास पाऊस निघाला तर सांगणारा खरा. साठ निघाला, किंवा पाच निघाला, तर मात्र त्याला जाब विचारा. 2002 नंतर हवामान विभागाने नवी मॉडेल्स आणली, आणि आता हंगामी अंदाजात एका आकड्यासोबत तुटीच्या पावसापासून अतिपावसापर्यंत पाच गटांची टक्केवारीही दिलेली असते. बातमीत बहुधा एकच आकडा छापून येतो, याचे वाईट वाटते. शिवाय तो आकडा साऱ्या देशाच्या 87 सेंटिमीटर सरासरीचा असतो. चांदपूर जलाशय किती भरेल, हे त्यावरून काढता येत नाही.

गैरसमज : एकदा होऊन गेले, आता बरीच वर्षे चिंता नाही

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, संजय सरोवराचे पाणी सोडावे लागले आणि वैनगंगेने भंडारा शहरासह काठची गावे बुडवली. अशा वेळी ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हे शब्द कानावर पडतात, आणि आता पुढची शंभर वर्षे सुटलो असे वाटते. त्या शब्दांचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता, एवढाच. मागच्या वर्षी येऊन गेला तरी यंदा एक टक्का कायम. तीस वर्षे नदीकाठी घर ठेवले, तर निदान एकदा तो पूर पाहण्याची शक्यता 26 टक्के होते.

हीच चूक घरात झाली की फार दुखते. पूर्व विदर्भात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार असण्याची शक्यता चारांत एक. ‘पहिल्याला झाला, आता पुढची तीन चांगली निघतील’, असे समजुतीने सांगितले जाते. तसे नसते. दुसऱ्या मुलाची शक्यताही चारांत एकच, तिसऱ्याचीही तेवढीच. दोन मुले झाली तर निदान एकाला आजार असण्याची शक्यता 44 टक्के. लग्नाआधी, निदान गर्भारपणाच्या सुरुवातीला, दोघांचे रक्त तपासून घेण्याला म्हणूनच पर्याय नाही.

गैरसमज : दहा प्लॉटांवरून हजारो बांध्यांचे उत्पन्न कसे कळणार?

पीक विम्याच्या भरपाईवरून होणारी बहुतेक भांडणे इथे येतात. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत आधी उंबरठा उत्पादन ठरते : गेल्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घेऊन त्यांची सरासरी, आणि तिला जोखीम स्तराने, म्हणजे ठरवून दिलेल्या टक्केवारीने, गुणायचे. मग महसूल मंडळात चिठ्ठीसारख्या पद्धतीने निवडलेल्या किमान दहा प्लॉटांवर पीक कापणी प्रयोग होतात. त्यांच्या आधारे काढलेले सरासरी उत्पन्न उंबरठ्याखाली गेले तर साऱ्या मंडळाला भरपाई.

ही पद्धत उभी करण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांचा मोठा हात आहे. त्या काळी छोट्या चौकटी कापण्याचीही पद्धत होती. सुखात्म्यांनी 1946 मध्ये दाखवून दिले की छोट्या चौकटीत उत्पन्न वाढीव दिसते, कारण कडेवरची रोपे कापणारा नकळत आत ओढतो. म्हणून मोठे प्लॉट आले. प्लॉट निवडायला रँडम आकडे का वापरतात, याचेही कारण तेच. गावातल्या जाणत्याने ‘साधारण’ म्हणून दाखवलेली बांधीसुद्धा कुठल्या तरी बाजूला झुकलेली असते.

नमुना किती चांगला, हे शेते हजार आहेत की दहा हजार यावर जवळजवळ अवलंबून नसते. किती प्लॉट घेतले आणि बांधी-बांधीत किती फरक आहे, यावर ते ठरते. समजा, मंडळात हेक्टरी उत्पन्नाचा चढउतार (प्रमाण विचलन) सहा क्विंटलचा आहे. दहा प्लॉटांच्या सरासरीत साधारण 1.9 क्विंटलची चूक राहते. म्हणजे आकडा निरर्थक नाही, पण उंबरठ्यालगत असेल तर भरपाई मिळणे न मिळणे नशिबावर जाते. कालव्याच्या शेवटी असलेल्या बांधीला पाणी पोचले नाही आणि मंडळाची सरासरी चांगली आली, तर त्या शेतकऱ्याला काहीच मिळत नाही. इथे शेतकऱ्याची तक्रार गणिताला धरूनच आहे.

चूक निम्म्यावर आणायची तर प्लॉट चौपट करावे लागतात. मुख्य पिकांसाठी ग्रामपंचायत हा घटक धरण्याची तरतूद योजनेत आहे. तसे केले तर आकडा आपल्या बांधीच्या जवळ येतो. मात्र गावाला चारच प्लॉट आणि चढउतार तेवढाच राहिला, तर चूक तीन क्विंटलवर जाते. तेव्हा घटक गावाचा करा आणि प्लॉटही वाढवा, या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात जायला हव्यात.