पायरी कुणाच्या खात्यावर?

१९६५च्या भारत-पाक युद्धात जवान मुरलीकांत पेटकरांच्या मणक्यात गोळी शिरली. त्याच वर्षी अमेरिकेत रुग्ण किती स्वावलंबी आहे हे मोजणारा बार्थेल निर्देशांक छापून आला. जेवण, अंघोळ, कपडे, लघवी-शौचावरचा ताबा अशा दहा बाबी, एकूण गुण १००. चालणाऱ्याला १५, व्हीलचेअर स्वतः हाकणाऱ्याला ५, जिना चढण्याचे १०. कमरेखालचं अंग गेलेल्या माणसानं बाकी सगळं आपलं आपण केलं तरी गाडी ८०वर अडते. पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं, पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं. तक्त्यात पोहण्याचा रकानाच नाही! बार्थेलला बोल लावत नाही. रुग्णाला किती मदत लागते, एवढंच तिला मोजायचं होतं. त्या गुणांना आयुष्याचा भाव समजलो ते आपण.

माणसाला स्वतःलाच विचारण्याचं काम १९९०च्या दशकात मोठ्या प्रमाणावर झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं दिल्ली आणि मद्रासलाही सोबत घेऊन जीवनमानाची प्रश्नावली बांधली. तिची २६ प्रश्नांची छोटी आवृत्ती १९९८ची. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठही त्याच वर्षीचं. राज्यातल्या अनेक महाविद्यालयांचे फिजिओथेरपीचे प्रबंध इथं येतात, म्हणून हा हिशेब नाशिककरांनी मांडायचा.

प्रश्न कागदावर सोपे दिसतात. मज्जारज्जूला इजा झालेल्या तरुणाच्या खाटेशी बसलं की घोडं अडतं. झोप, वेदना, पैसा इथवर ठीक. मग कामजीवनाचा प्रश्न येतो, आणि उशाशी आई कॅथेटरची पिशवी बदलत असते. विचारणारा पान उलटतो. ‘प्रवासाच्या सोयीबद्दल किती समाधानी?’ यावर तर घरचेच हसतात. २०१२मध्ये खास मज्जारज्जूच्या इजेसाठी तीनच प्रश्न ठरले: एकूण आयुष्य, शरीर, मन, प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. आटोपशीर, पण घराचा उंबरठा, म्हणजे माणसाबाहेरचा अडसर, त्यातही मोजलेला नाही.

हा अडसर आपण माणसाच्याच खात्यावर टाकतो. देवीच्या सप्तशृंगगडाच्या सुमारे पाचशे पायऱ्याही पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या पायांच्या खात्यावर मांडल्या गेल्या. २०१८मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. कुणाच्याही मज्जारज्जूत तसूभर फरक पडला नाही, आणि व्हीलचेअरवरच्या भक्तासाठी वरची वाट उघडली.

प्रबंधासाठी घरोघर जाणाऱ्या मुलामुलींनो, प्रश्नावलीसोबत मोजपट्टीही न्या. आधी मोरीच्या दाराची रुंदी मोजा, मग समाधान विचारा.